पार्किन्सन्स, डोळे आणि गोळीची वेळ: घरच्या घरी नोंद कशी ठेवावी

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाला वाचताना ओळ सापडेनाशी झाली की आपण पहिल्यांदा चष्मा बदलतो. माझ्या वडिलांचे दोन चष्मे असेच वाया गेले, कारण दोष नंबरात नसून डोळे हलवणाऱ्या यंत्रणेत होता. मेंदूत डोपामाइन हे हालचालींचे संदेश पोहोचवणारे रसायन कमी पडले की हातापायांप्रमाणे नजरेची हालचालही तोकडी होते. ओळ संपल्यावर पुढच्या ओळीच्या आरंभावर एका झेपेत जाणारी नजर मध्येच अडते आणि दोन-तीन टप्प्यांत पोहोचते. जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे पुरेसे वळत नाहीत, त्यामुळे अक्षरे जोडीने दिसतात.

कोकणातल्या गावांतून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचे तर अनेकदा कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते, आणि नेमके तपासणीच्या वेळी डोळे बरे चालत असतात. म्हणून आधी आठवडाभर एक वही ठेवावी. तीत गोळीची व जेवणाची वेळ लिहावी आणि पुढील तपासणी रोज दोनदा करावी: सकाळची गोळी घेण्याआधी आणि घेतल्यानंतर तासाभराने.

रुग्णाला पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवावे. एक तांबडे आणि एक निळे पेन त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, एकमेकांपासून हातभर अंतरावर धरावे आणि मान न हलवता, आपण सांगू त्या रंगाकडे पाहायला सांगावे; नजर एका झेपेत पोहोचते की टप्प्यांत, ते टिपावे. पेन मुळीच हलवू नये. हलत्या वस्तूकडे नजर आपोआप ओढली जाते आणि ती क्षमता या आजारात बरीच टिकून असते, त्यामुळे खरा दोष झाकला जातो. नंतर एकच पेन सावकाश नाकाकडे आणून ते किती बोटांवर आल्यावर दोन दिसते ते टिपावे. एक डोळा झाकल्यावर दोनपणा गेला तर दोष डोळ्यांच्या जुळणीत आहे. न गेल्यास मोतीबिंदू किंवा कोरडेपणाचा विचार करावा लागतो. स्वस्थ बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. रुग्णाच्या पापण्या बऱ्याच कमी वेळा मिटत असतील तर जळजळ आणि धूसरपणा त्यामुळेही असू शकतो.

लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत डोपामाइन बनून त्याची उणीव भरणारे या आजाराचे मुख्य औषध, लागू झाल्यावर काहींची जुळणी आणि पापण्यांची हालचाल सुधारते, परंतु नजरेच्या सर्व हालचाली सारख्या सुधारत नाहीत. प्रथिने या औषधाच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून दुपारच्या माशांच्या जेवणाला लागून गोळी घेतली तर ती उशिरा लागू शकते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर जेवणाआधी अर्धा तास घेणे बरे. कंप कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने बाहुली मोठी होऊन जवळचे धूसर दिसते, आणि काचबिंदूचा धोका असलेल्यांनी ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या डोपामाइनसारखे काम करणाऱ्या गोळ्या सुरू असताना ‘ओटीवर कोणी बसले आहे’ असे रुग्ण म्हणू लागला तर ती बाहेरची बाधा समजून गाऱ्हाणे घालत बसू नये, डॉक्टरांना लगेच कळवावे. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. आपल्या बांधावर उगवणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असते, तेव्हा तिचे चूर्ण गोळीबरोबर परस्पर घेणे म्हणजे नकळत मात्रा वाढवणे होय. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड घेणे टाळावे. ते डोपामाइनचेच काम रोखते.

एक लक्षण वहीत टिपून थांबण्यासारखे नाही. आजाराच्या पहिल्या वर्षभरातच रुग्ण वारंवार पडत असेल आणि त्याला नजर खाली वळवता येत नसेल, तर तो पार्किन्सन्ससारखा दिसणारा वेगळा आजार असू शकतो, म्हणून ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. तोवर जांभ्याच्या पायऱ्यांच्या कडांवर चुन्याचा रुंद पांढरा पट्टा ओढावा आणि पावसाळ्यात त्यांवरचे शेवाळ खरवडावे.

नवा चष्मा करायचाच असेल तर गोळी पूर्ण लागू असतानाची वेळ वहीत पाहून तपासणी ठरवावी. वाचण्याचा आणि चालण्याचा चष्मा वेगळा ठेवावा, कारण दुहेरी काचेच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. जुळणीच्या दोषासाठी काचेत प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवून दोन प्रतिमा जुळवणारी पाचरीसारखी काच, बसवता येते, ते स्वतःहून विचारावे. आम्हाला ते तिसऱ्या चष्म्याच्या वेळी कळले.