नावाआधी 'कॅप्टन' दिसलं की नक्की काय समजायचं?

कुणाच्या नावाआधी कॅप्टन लिहिलेलं दिसलं की आपण 'मोठा माणूस आहे' असं समजून मोकळे होतो, पण किती मोठा ते त्या एका शब्दावरून कळतच नाही. आर्मीतला कॅप्टन हा तसा तरुण, ज्युनियर अधिकारी असतो आणि नेव्हीतला कॅप्टन त्याच्या तीन पायऱ्या वर, थेट आर्मीतल्या कर्नलच्या बरोबरीचा. म्हणून कॅप्टन दिसला की आधी एकच विचारायचं, कशाचा कॅप्टन?

हा घोळ शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिनमधे 'कापुट' म्हणजे डोकं, त्यावरून प्रमुख माणसाला 'कापितानेउस' म्हणायला लागले, ते फ्रेंचमधून फिरत फिरत १४व्या शतकात इंग्रजीत आलं. चीफ आणि हॉटेलातला शेफ हे पण याच डोक्यातून निघालेले. म्हणजे शब्द फक्त 'हा मुख्य' एवढंच सांगतो, कशाचा मुख्य ते तुम्ही शोधा.

आर्मीत तो कंपनीचा मुख्य होता, कंपनी म्हणजे साधारण शंभरेक सैनिकांची तुकडी. आणि लेफ्टनंट म्हणजे फ्रेंचमधे 'जागा धरणारा', कॅप्टन नसेल तेव्हा त्याच्या जागी उभा राहणारा. हे एकदा डोक्यात बसलं की लेफ्टनंट कर्नल, लेफ्टनंट जनरल वगैरे सगळी नावं आपोआप उलगडतात, पाठ करायची गरज नाही. (ब्रिटिश आर्मीत तर ही पदं पैसे मोजून विकत मिळायची, ते थेट १८७१ मधे बंद झालं.) आता अमेरिकन आर्मीत कंपनी अजूनही कॅप्टनकडेच असते, ब्रिटिश आर्मीत मात्र सहसा मेजरकडे गेलीय.

समुद्रावरची गोष्ट जास्त मजेशीर आहे. मध्ययुगातल्या इंग्रजी जहाजावर जहाज चालवायचा तो मास्टर, आणि कॅप्टन म्हणजे जहाजावर चढलेल्या सैनिकांचा प्रमुख, त्याला शिडं-बिडं कळायलाच हवीत असं काही नव्हतं. पुढे लढाऊ जहाजाचा सगळाच ताबा कॅप्टनकडे गेला, आणि एवढं मोठं जहाज आणि शेकडो माणसं सांभाळणारा अधिकारी शंभर सैनिकवाल्याच्या बरोबरीचा कसा धरणार, त्यामुळे नेव्हीत ही रँकच वर जाऊन बसली. नाटोच्या रँक-कोडमधे (आकडा मोठा तितका अधिकारी वरचा) आर्मीचा कॅप्टन ओएफ-२ आणि नेव्हीचा ओएफ-५ आहे. एअरफोर्समधे अजून वेगळं, ब्रिटिश पद्धतीत नुसता कॅप्टन नसतोच, ग्रुप कॅप्टन असतो आणि तो नेव्हीच्या कॅप्टनच्या बरोबरीचा.

नेव्हीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथे कॅप्टन ही रँक पण आहे आणि काम पण. जहाज ज्याच्या हाताखाली तो त्या जहाजाचा कॅप्टन, मग त्याची रँक खालची का असेना. कॅप्टन कुक म्हणून आपण ज्या ब्रिटिश दर्यावर्दीला ओळखतो तो १७६८ मधे एंडेव्हर जहाज घेऊन निघाला तेव्हा रँकने लेफ्टनंट होता, कॅप्टनची रँक त्याला १७७५ मधे मिळाली, तोपर्यंत त्याच्या दोन मोठ्या सफरी झालेल्या! तेव्हा जुन्या कागदात कॅप्टन वाचलं तर रँक धरून चालू नका, त्या वर्षी तो माणूस काय करत होता ते बघा.

मालवाहू जहाजावर कागदोपत्री अजूनही 'मास्टर'च असतो, कॅप्टन हे हाक मारायचं नाव. विमानात पण तसंच, नियमांच्या भाषेत 'पायलट इन कमांड', पण खांद्यावर चार पट्ट्या आणि तोंडी कॅप्टन, शेजारच्या फर्स्ट ऑफिसरला सहसा तीन. फोटोवरून ओळखायचं असेल तर ब्रिटिश पद्धतीच्या आर्मीत कॅप्टनच्या खांद्यावर तीन स्टार, अमेरिकन आर्मीत दोन चंदेरी पट्ट्या, आणि ब्रिटिश पद्धतीच्या नेव्हीत चार सोनेरी पट्ट्या आणि वरच्या पट्टीला गोल वेटोळं. वेटोळं नसलेल्या चार पट्ट्या दिसल्या तर तो एअरलाइनवालाही असू शकतो.

खेळात तर अधिकार खेळागणिक बदलतात. क्रिकेटचा कॅप्टन डाव घोषित करू शकतो, अंपायरची परवानगी घेऊन अपील मागे घेऊ शकतो, म्हणजे खरंच सत्ता आहे. फुटबॉलच्या नियमात मात्र त्याला खास असा काही दर्जा नाही, टीमच्या वागण्याची थोडी जबाबदारी तेवढी आहे. आणि टेनिसच्या डेव्हिस कपमधे कॅप्टन बहुतेक वेळा खेळतच नाही, कोर्टाशेजारी बसून सल्ला देतो.

मराठीत लिहिताना खेळासाठी 'कर्णधार' बिनधास्त वापरा, आर्मी-नेव्हीच्या रँकला मात्र वापरू नका, तिथे कॅप्टनच ठेवा आणि सोबत दल कुठलं ते लिहा. आणि दल माहीत नसेल तर 'अमुक रँकच्या बरोबरीचा' हे वाक्य सरळ गाळून टाका.