झाडीतलं डिस्क गोल्फ खेळताय? ड्रायव्हर घरी ठेवा

डिस्क गोल्फ म्हणजे काय, तर फ्रिसबीसारखी डिस्क कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायची. पहिला कायमचा कोर्स 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात झाला, साखळ्यांची बास्केट एड हेड्रिकने आणली, पण त्याच्या आधी लोक झाड, खांब, जे दिसेल ते टार्गेट धरून खेळायचेच की. मुंबईत तोच जुना प्रकार बरा, बास्केट विकत कोण घेणार आणि ठेवणार कुठे.

जागा बघताना कॉलनीतली किंवा सोसायटीची झाडंवाली बाग बघा, आधी माळीकाकांना नाहीतर वॉचमनला विचारा. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला गेलं की हात शिवशिवतात खरं, पण संध्याकाळी तिथे फिरणारे, आजी-आजोबा, पोरंटोरं एवढी असतात की विसराच, आणि शिवाजी पार्कचं तर नावच काढू नका, तिथे आधीच दहा मॅचेस एकमेकांत घुसलेल्या असतात. भल्या सकाळी शांत कोपरा शोधायचा. सहा होल (एक होल म्हणजे फेकायच्या जागेपासून टार्गेटपर्यंतचा टप्पा) पुरतात, प्रत्येक 30 ते 50 मीटरचा, सगळे पार 3, म्हणजे तीन थ्रोमध्ये संपणं अपेक्षित. टार्गेटच्या खोडाला छातीच्या उंचीवर रंगीत फडका सैल बांधायचा, त्याखाली गुडघ्यापर्यंत खोडाला डिस्क लागली की होल झाला. खिळे ठोकायचे नाहीत, फांदी आड येते म्हणून तोडायची तर अजिबात नाही, शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 पासून कायदाच आहे.

आता डिस्क. नवीन माणूस ऑनलाइन बघतो आणि सगळ्यात लांब जाणारा डिस्टन्स ड्रायव्हर मागवतो, तिथेच गडबड होते. ड्रायव्हरला हाताचा जबरदस्त वेग लागतो, तो नसेल तर डिस्क थोडी पुढे जाते आणि लगेच डावीकडे पडते (उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची), शिवाय त्याची कड धारदार, कुणाला लागली तर भारी पडेल. छोट्या झाडीत दोन पटर (जवळच्या, हळू थ्रोची डिस्क) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची) घ्या, बस. डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (सुरुवातीचं वळणं), फेड (शेवटचं वळणं). यातला स्पीड 2-3 म्हणजे पटर, 4-5 म्हणजे मिडरेंज. अल्टिमेटची (फ्रिसबीच्या सांघिक खेळाची) 175 ग्रॅमची फ्रिसबी घरात असेल तर तीसुद्धा चालेल. रंग गुलाबी किंवा केशरी, हिरवी डिस्क पावसाळ्यात गवतात पडली की शोधत बसा, आणि नियमाने शोधायला तीनच मिनिटं मिळतात.

फेकायच्या आधी टार्गेटकडे नाही, फटीकडे बघा. हे कॅरमसारखं आहे, जोर लावून सोंगटी जात नाही, अँगल लागतो. दोन झाडांमधली रुंद फट निवडा, ती थोडी वाकडी असली तरी चालेल, आणि डिस्क त्यातून बाहेर पडल्यावर कुठे थांबेल ते ठरवा, कारण दुसरा थ्रो तिथून करायचाय. सरळ फट असेल तर पटर सपाट धरून आरामात सोडा. डावीकडे वळायचं असेल तर डिस्कची बाहेरची कड खाली धरा (याला हायझर म्हणतात), उजवीकडे जायचं असेल तर फोरहँड मारा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे डिस्कचं पुढचं टोक वर उचललेलं असणं, मग ती चढते आणि थेट रेन ट्रीच्या फांद्यांत. आपल्या बागांत वरचं छत खाली आलेलं असतं, त्यामुळे डोक्याच्या उंचीवर सपाट थ्रो हाच नियम धरा. झाडाला लागून डिस्क मागे आली तर हीरोगिरी नको, बाजूला मोकळ्यात एक छोटा थ्रो काढा आणि पुढे चला. चारवर होल सुटला तर काही बिघडत नाही, सहावर जातो तो हट्टामुळे.

डिस्क पडली की तिच्या पुढे मार्कर ठेवा, बाटलीचं झाकण चालतं, आणि त्याच्या मागे पाय ठेवून फेका. टार्गेटपासून 10 मीटरच्या आत असाल तर थ्रोनंतर तोल सांभाळून तिथेच थांबायचं, पुढे पाऊल टाकलं तर फाऊल. टार्गेटपासून ज्याची डिस्क सगळ्यात लांब त्याची पाळी आधी, आणि पुढच्या होलला मागच्या होलचा कमी स्कोअरवाला पहिला.

वाटेवर कुणी चालत असेल तर थांबायचं, सरळ थांबायचं, 'काका जरा बाजूला' वगैरे नाही, बाग त्यांची आधी. चुकून कुणाच्या दिशेने गेलीच तर जोरात ओरडा, लाजू नका.

पावसाळ्यात ओली डिस्क हातातून सटकते, कमरेला जुना टॉवेल खोचून ठेवा आणि प्रत्येक थ्रोआधी पुसा. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, झाडीत तो कळत नाही पण फटीतून बाहेर पडली की डिस्क हलते, समोरून वारा असेल तर कमी उंचीवरून आणि हळू फेका. झाडात अडकली तर वर चढू नका, माळीकाकांकडे आकडी असते, ती मागा, आणि डिस्कच्या मागे मार्कर पेनने फोन नंबर लिहून ठेवा, सापडणारा परत देतो बहुतेक वेळा.