गृहपाठाचं उत्तर देताना या चुका टाळा : डिचोलीच्या सोप्यावरून

संध्याकाळी सहाच्या सुमाराला गोव्यातल्या डिचोलीत आमच्या सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडतो. वाड्यावरची पाचवी ते आठवीची मुलं. हा क्लास नव्हे, फी नाही. कुणाचं गणित अडलेलं असतं, कुणाला नकाशात झुवारी नदी सापडत नसते. उरलेले प्रश्न रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर फोटोतून येतात, बहुतेक आडवे आणि अर्धे कापलेले. नोकरीत मी हिशेब तपासायचे, आता वह्या तपासते. गृहपाठात मुलांनी केल्या नसतील एवढ्या चुका मी उत्तरं देताना केल्या आहेत. त्यांतल्या ज्या आईबापांच्याही हातून होताना दिसतात, त्या इथे लिहिते.

प्रश्न आपण वाचतो, मुलानं वाचलेलाच नसतो

आपल्याकडे मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतं आणि पाचवीत बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी सुरू होतं. घरात कोकणी, देवळात आणि पेपरात मराठी, वहीत इंग्रजी. अंश-छेद म्हणत अपूर्णांक शिकलेल्या पोराला जूनमध्ये न्यूमरेटर-डिनॉमिनेटर भेटतात, आणि हे तेच दोघे हे त्याला कुणी सांगत नाही.

पाचवीतल्या एका मुलाला प्रश्न होता, ७.२ आणि ३.४५ यांचा डिफरन्स काढा. त्यानं इंग्रजीत लिहिलं, ‘एक संख्या मोठी आहे, एक लहान आहे.’ मी हसले आणि दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह कसं मांडायचं ते शिकवायला बसले. वीस मिनिटं घालवली. त्याला वजाबाकी येत होती, अगदी नीट. डिफरन्स म्हणजे वजाबाकी हेच ठाऊक नव्हतं. सायन्समध्ये त्यानं मांजर आणि वाघ यांच्यातले डिफरन्स लिहिले होते, तसेच इथे लिहिले. त्याच्या बाजूनं बघितलं तर उत्तर बरोबर होतं.

असे शब्द बरेच आहेत. प्रॉडक्ट म्हणजे दुकानातली वस्तू, व्हॉल्यूम म्हणजे टीव्हीचा आवाज, रूट म्हणजे झाडाचं मूळ. सोल्यूशन गणितात उकल आणि विज्ञानात द्रावण. सातवीत सरासरीसाठी मीन येतो तेव्हा राशी पाठ असलेली एखादी मुलगी मला विचारतेच, ‘काकी, हांगा मीन कशाक आयली?’

म्हणून आता मी पेन उचलण्याआधी एकच सांगते : प्रश्न काय विचारतोय ते तुझ्या भाषेत सांग. सांगता आलं नाही तर अडचण शब्दाची आहे. सांगता आलं आणि तरी अडलं, तर अडचण विषयाची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

कंचेभागुबेव जसंच्या तसं घोकून घेणं

आपण सगळे हे पाठ करूनच मोठे झालो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पण १० − ४ + ३ हे उदाहरण घालून बघा. दहातली निम्मी मुलं उत्तर ३ काढतात. का, तर ‘बे’ आधी आहे, म्हणून ४ + ३ = ७, आणि १० − ७ = ३. खरं उत्तर ९.

गंमत अशी, की ‘भागु’वर विसंबलं तर घोटाळा होत नाही. ८ × ६ ÷ ३ मध्ये भागाकार आधी करा नाहीतर डावीकडून जा, १६च येतात. फसवतं ते ‘बेव’. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून जी आधी भेटेल ती आधी करायची. हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मी माझ्या शाळेतल्या सगळ्या हुकलेल्या मार्कांचा हिशेब मनात मांडला.

मुलानं असं चुकीचं उत्तर आणलं तर नियम पुन्हा पाठ करून घेऊ नका. पाठ आहे म्हणूनच तो चुकलाय. नारळ घ्या. दहा होते, चार विकले, मग तीन पाडले. किती झाले? नऊ म्हणेल. मग त्याचंच उदाहरण त्याच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा.

‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’

हे वाक्य आईबापांचं लाडकं. सातवीत समीकरण येतं, ३क्ष = १२. (मुलांच्या वहीत एक्स असतो, माझ्या जिभेवर अजून क्षच.) मूल उत्तर आणतं क्ष = ९, कारण ३ पलीकडे गेला आणि वजा झाला. किंवा क्ष = −४, कारण भागलंही आणि चिन्हही बदललं. शाळेत हल्ली तराजू दाखवून शिकवतात : दोन्ही पारड्यांत सारखंच करायचं. आपण रात्री घाईत ‘पलीकडे’ शिकवतो आणि मुलाच्या डोक्यात दोन अर्धवट पद्धती एकमेकींना टेकून उभ्या राहतात. वहीची आधीची दोन पानं उलटून वर्गात कसं केलंय ते बघा आणि त्याच वाटेनं जा. आपली पद्धत सोपी असली तरी ती पुढच्या रविवारी.

दशांशांच्या बाबतीत पैशांचं उदाहरणही असंच जपून द्यावं. ०.६ मोठा की ०.४५? पैसे म्हटलं की मूल सहा पैसे आणि पंचेचाळीस पैसे म्हणतं, आणि चूक आणखी पक्की होते. शिवणाची टेप बरी. ०.६ मीटर म्हणजे ६० सेंटिमीटर, ते बोटानं दाखवता येतं.

येत नाही म्हणायला लाजणं

ही माझी स्वतःची. एका मुलीनं मे महिन्यात विचारलं, उन्हाळा का येतो. मी भात ढवळता ढवळता म्हटलं, पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून. ती गेली. दोन दिवसांनी परत आली : ‘मग काकी, डिसेंबरात ऑस्ट्रेलियात क्रिकेट चलता तेन्ना थंय सगळे टोपी घालून कित्याक बसतात?’

माझी बोलती बंद. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटींवर. ऋतू होतात ते अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. अर्धं वर्ष उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, अर्धं वर्ष दक्षिण.

त्यावर तिचा पुढचा प्रश्न तयार. पुस्तकात २१ जूनला सूर्य डोक्यावर असतो असं आहे, मग आपल्याकडे जूनमध्ये मेपेक्षा गरम का नाही? एक तर पाऊस सुरू झालेला असतो. दुसरं, २१ जूनला सूर्य डोक्यावर असतो तो कर्कवृत्तावर. गोवा आहे साधारण १५ ते १६ अक्षांशांवर. आपल्या डोक्यावर तो वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. ऑगस्टमध्ये ढगांमुळे काही दिसत नाही. मेमध्ये मात्र अंगणात बाटली उभी करून ठेवा, तिची सावली नाहीशी होते.

हा प्रयोग फसला अशी तक्रार घेऊन मुलं येतात, कारण ती बरोबर बाराच्या ठोक्याला बाहेर जातात. घड्याळ चालतं ८२.५ रेखांशाच्या वेळेनं, आणि आपण आहोत ७४च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली दुपार घड्याळाच्या मागे अर्ध्या तासाहून थोडी जास्त. बाटली ठेवायची ती साडेबाराच्या सुमाराला. त्या मुलीचं आणि माझं हे सगळं शोधण्यात तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्याच दिवशी ‘थांब, बघून सांगते’ म्हटलं असतं तर चुकीचं उत्तर दोन दिवस तिच्या डोक्यात राहिलं नसतं.

झाडं दिवसा श्वासात कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री ऑक्सिजन, हे आणखी एक असंच घराघरांत चाललेलं उत्तर. झाड श्वसन चोवीस तास करतं, ऑक्सिजन घेऊनच. प्रकाश असतो तेव्हा त्याच्या जोडीला प्रकाशसंश्लेषण चालतं, एवढंच.

पुस्तकातलं उत्तर मुलाच्या गावाला लावून न बघणं

‘तुमचं राज्य कधी स्वतंत्र झालं?’ दर वर्षी कुणीतरी १५ ऑगस्ट १९४७ लिहितंच. मग आई चिडते, मूल १९ डिसेंबर १९६१ घोकतं आणि पुढच्या परीक्षेत गोवा राज्य कधी झालं यालाही तीच तारीख लिहितं. तारखा सुट्या घोकल्या की असंच होणार. गोष्ट सांगा : १९४७ला देश सुटला, पण इथे पोर्तुगीज होतेच. १९६१ला मुक्ती, मग दमण-दीवसकट केंद्रशासित प्रदेश. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं यावर. ३० मे १९८७ला देशाचं पंचविसावं राज्य. आजोबा असतील तर त्यांनाच विचारायला लावा, मात्र जनमत कौलावर वाद सुरू झाला तर गृहपाठ त्या रात्री होणार नाही.

‘पोर्तुगीजांनी गोव्यावर किती वर्षं राज्य केलं?’ उत्तर ४५१, १५१० ते १९६१. लिहायचं तेच. पण आमच्या सोप्यावरची मुलं डिचोलीची, काही सत्तरीची. त्यांना हे अर्धंच सांगून पाठवणं मला पटत नाही. १५१०ला तिसवाडी गेली, १५४३ला बार्देश आणि साष्टी. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा हे सगळं नव्या काबिजादींतलं, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातलं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती गेलेलं. म्हणजे आमच्याकडे दोनशे वर्षंही भरत नाहीत. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ला बांधायला लावलं, ते इथून हाकेच्या अंतरावर. एवढं ऐकलं की ‘मग आमच्याकडे कोण होते?’ हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात.

एका प्रश्नाची दोन उत्तरं आली की एकाला खोटं ठरवणं

भारताच्या किनाऱ्याची लांबी पुस्तकात ७,५१६ किलोमीटर. मोबाइलवर ११,०९८. मूल रडकुंडीला. दोन्ही आकडे सरकारीच आहेत, नवा आकडा जास्त बारीक नकाशावरून मोजलेला आहे. किनारा रातोरात वाढला नाही. गोव्याचा नकाशा घ्या, एकदा जाड सुंभ ठेवून किनारा मोजा आणि एकदा शिवणाचा दोरा. दोरा प्रत्येक खाडीत शिरतो, म्हणून जास्त लागतो. वहीत पुस्तकातला आकडा, कडेला पेन्सिलीनं नवा.

भाषेच्या वहीत नुसतं लाल पेन

‘माझी बहीण हुशार आहे. ते रोज शाळेत जाते.’ ही निष्काळजी चूक नव्हे. कोकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात आणि मूल घरची भाषा इमानानं वहीत आणतं. कोकणीत तें, मराठीत ती, असं शेजारी शेजारी लिहून दिलं की सुटतं. हिंदीत उलटा प्रकार, शब्द ओळखीचा आणि अर्थ परका. शिक्षा म्हणजे शिक्षण, खाली म्हणजे रिकामं, चेष्टा म्हणजे प्रयत्न. ‘शिक्षा हमारा अधिकार है’ वाचून एक मुलगा खरंच घाबरला होता.

प्रोजेक्टबद्दल फार लिहीत नाही. थर्माकोल आणि आईचं अक्षर टीचरला लांबून ओळखू येतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीत पाच स्थानिक वनस्पती गोळा करायला सांगितल्या असतील तर बाजारात धावू नका, गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगलेली माटोळी असते तिच्याकडे मान वर करून बघा. नारळ, सुपारी, कांगलां-घागऱ्यो अशी रानातली फळं, सगळं टांगलेलंच असतं.

आणि हो, एआय. फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट येतं, बहुतेक वेळा बरोबरही. पण पायऱ्या आठवीच्या पुढच्या निघतात आणि मूल त्या उतरवून घेतं. फोनवर विचारायचंच असेल तर माझ्या सोप्यावर एक अट आहे : उत्तर झाकून शेवटची पायरी स्वतः करून दाखव.

शाळेतून चूक होऊन आलं तर

हे सगळ्यात नाजूक. नारळांवरून हिशेब कळलेला एक मुलगा १० − ४ + ३ = ९ लिहून गेला आणि वहीवर लाल फुली घेऊन आला. त्याची आई तावातावानं माझ्याकडे. मुलासमोर टीचर चुकली असं म्हणू नका, चिठ्ठीही पाठवू नका. मी त्याला एवढंच सांगितलं, की मधल्या सुट्टीत टीचरकडे जा, आपलं उदाहरण नारळांत सांग आणि विचार, किती उरले.

दुसऱ्या दिवशी तो चपला भिरकावत आला. ‘टीचरान बरोबर केलें काकी. पूण आतां सगळ्यांक तीं धाय गणितां परत करूंक सांगल्यांत. वर्गांत म्हजेकडे कोणूच उलयना.’ (वर्गात त्याच्याशी कुणीच बोलत नाही म्हणे.)