रानातल्या वनस्पतीचं तेल: जंतू मारतं का, अँटिऑक्सिडंट आहे का, कसं तपासायचं

बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टला सुगंधी तेल घेणार असाल तर एक नको, दोन घ्या: रोशा गवत आणि रानतुळस, ती मोठ्या पानांची, लवंगेसारखा वास येणारी. रोशाच्या तेलात मुख्य घटक जिरॅनिऑल, रानतुळशीत बऱ्याचदा युजेनॉल (काही झाडांत थायमॉल जास्त निघतं), आणि दोघांचे रिझल्ट शेजारी ठेवले की लगेच दिसतं, जंतू मारणं वेगळं आणि अँटिऑक्सिडंट असणं वेगळं.

रोशा धुळे-नंदुरबारकडे डोंगरउतारावर मिळतं, फुलोऱ्यात आलं की कापा, तेल तिथंच जास्त असतं. (पूर्वी हेच तेल खानदेशातून मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरायचे!) झाडाची ओळख आधी बॉटनीच्या सरांकडून पक्की करून घ्या.

तेल काढायला क्लेव्हेंजर (पाण्याच्या वाफेबरोबर तेल वेगळं करणारं काचेचं उपकरण), साधारण ३ तास. पाव किलो ओल्या गवतातून मिलीलिटरभर आलं तरी नशीब समजा. पाणी शोषायला निर्जल सोडियम सल्फेट टाका, मग गडद बाटलीत ४ अंशाला ठेवा.

आता जंतू. म्युलर-हिंटन अगर (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम), कल्चर ०.५ मॅकफारलंडला (जंतूंच्या दाटपणाचं ठरलेलं माप) जुळवलेलं, ६ मिमीच्या कागदी डिस्कवर १० मायक्रोलिटर तेल, ३७ अंशाला १८ ते २४ तास. तेल उडतं, शेजारच्या डिस्कवरही त्याची वाफ जाते, म्हणून एका प्लेटमध्ये दोन तेलं घालू नका आणि कडेनं पॅराफिल्म लावा. स्टॅफवर (स्टॅफिलोकोकस जंतूवर) झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, सहसा मोठा येतो, ई. कोलायवर लहान, कारण त्याला बाहेरून एक जादा पडदा असतो. पण नुसत्या झोनवर निकाल देऊन मोकळे होऊ नका, तेल पाण्याशी जमवून घेत नाही, अगरमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे चांगलं तेलही कधी कधी मरतुकडा झोन देतं, म्हणून थोडं ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घालून ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात, एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं तेलाचं कमीत कमी प्रमाण) काढाच, आणि नुसत्या ट्वीनचा कंट्रोल ठेवाच, तो नसेल तर परीक्षक पहिलं तेच विचारणार.

अँटिऑक्सिडंटला डीपीपीएच चाचणी (अँटिऑक्सिडंट भेटलं की या जांभळ्या रसायनाचा रंग उतरतो). मेथॅनॉलमधलं जांभळं द्रावण, त्यात तेल, ३० मिनिटं अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरला रीडिंग. कंट्रोलच्या (तेल न घातलेल्या द्रावणाच्या) रीडिंगमधून सॅम्पलचं वजा, भागिले कंट्रोल, गुणिले १००. तुलनेला ॲस्कॉर्बिक ॲसिड. युजेनॉलवाल्या तेलाला जांभळा रंग पटकन पिवळा पडतो, कारण त्याच्या रिंगवर हायड्रोजन देऊन टाकणारा फिनॉलचा गट असतो. जिरॅनिऑलकडे तो नाही, त्यामुळे जंतूंवर चांगलं चाललेलं रोशा इथं ढिलं पडतं. घाबरून आकडे ओढूनताणून वाढवू नका, उलट चर्चेच्या भागात लिहायला खरा माल हाच आहे.

सगळं तीन-तीनदा करा, आणि वापरलेल्या प्लेट्स १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.