चष्मा लावून आयपीसमधून पूर्ण कसं दिसायला लागलं

१३० मिमी आरसा आणि ६५० मिमी फोकल लेन्थ, म्हणजे एफ/५ (६५० भागिले १३०), अशी माझी दुर्बीण. १० मिमी फोकल लेन्थच्या प्लॉसल जातीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) चष्म्यासकट डोळा लावला की किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं व्हायचं. मधला तुकडा तेवढा दिसे, कडा गायब.

दोष आय रिलीफचा. शेवटच्या भिंगापासून डोळा जितक्या अंतरावर ठेवल्यावर सगळं दृश्य दिसतं, ते हे अंतर. प्लॉसलमध्ये ते फोकल लेन्थच्या साधारण ७०-८० टक्के असतं, म्हणजे इथे जेमतेम ७-८ मिमी. चष्मेवाल्याला १५ ते २० मिमी तरी हवं.

चष्मा काढून पाहिला. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर फोकस फिरवून भागतं. सिलिंड्रिकल नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) मात्र फोकसला दाद देत नाही. त्यामुळे २५ मिमीच्या आयपीसमध्ये मला तारे लांबट दिसायचे. गंमत म्हणजे जास्त वर्धनाला, म्हणजे कमी मिमीच्या आयपीसला, हा त्रास जवळपास उरत नाही. आयपीसच्या फोकल लेन्थला एफ-आकड्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या झोताची जाडी मिळते: २५ मिमीला ५ मिमी, ५ मिमीला फक्त १. बारीक झोत डोळ्याचा मधला छोटासा भागच वापरतो.

शेवटी २५ मिमीचा प्लॉसल चष्म्यासकट ठेवला, त्याचा आय रिलीफ पुरतो. मधल्या वर्धनाला त्यालाच दुपटीची बार्लो (वर्धन दुप्पट करणारं जोडभिंग): ५२ पट, आणि आय रिलीफ उलट किंचित वाढतो. शनीसाठी लांब आय रिलीफचा ५ मिमी आयपीस घेतला, १३० पट. चष्मा असेल तर आयपीसची रबरी कड आधी खाली दुमडा, नाहीतर तीच काही मिलिमीटर खाते.