भाऊबीजेच्या जेवणाला गोड घेऊन जाताना या चुका टाळा

बडोद्यात दिवाळीचा पाडवा आणि गुजराती शेजाऱ्यांचे नवे वर्ष एकाच दिवशी येते, पाठोपाठ भाऊबीज असते, आणि सगळे कुटुंब एका घरी जेवायला जमणार असले की "गोड मी आणते" असे कोणीतरी हौसेने सांगून बसते. असा पदार्थ आपल्या ओट्यावर बहुधा चांगलाच झालेला असतो. तो बिघडतो मांजलपूरहून दांडिया बाजारात पोहोचेपर्यंतच्या वाटेवर आणि त्यानंतर पाने मांडली जाईपर्यंतच्या दोन तासांत. त्यामुळे पुढील बहुतेक चुका या वाटेचा आणि या थांबण्याचा विचार न केल्याने होतात.

श्रीखंडाची चूक आदल्या रात्रीच होते. ऑक्टोबरच्या उष्म्यात दही फडक्यात बांधून नळाला टांगले, तर पाणी निथळता निथळता ते आंबटही होत जाते. त्याऐवजी चाळणीत फडके घालून, खाली पातेले ठेवून, ते फ्रीजमध्ये 8 ते 10 तास निथळू द्यावे. 1 लिटर सायीच्या दुधाच्या दह्याचा साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का मिळतो. साखर घातल्यावर चक्का सैल झाला म्हणून घाबरून तो पुन्हा फडक्यात बांधणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण त्या पाण्याबरोबर गोडीही निघून जाते. साखर चक्क्यातले पाणी ओढून घेते, म्हणून तो सुरुवातीला सैल होणारच. तासभर गार ठेवल्यावर तो बराचसा आळतो. तरीही पातळ राहिला तर थोडा कोरडा चक्का मिसळावा, आणि तोही हाताशी नसेल तर फळे घालून 'मठो', म्हणजे श्रीखंडाचाच गुजराती पातळसर प्रकार, म्हणून वाढावा. बडोद्यात त्याला कोणी हरकत घेणार नाही. मात्र त्या फळांत कच्चा अननस नसावा. त्यातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिने फोडते आणि घरून निघताना गोड असलेले श्रीखंड पंगतीत कडवट लागते. अननसाच्या फोडी साखरेत पाच मिनिटे उकळून, पूर्ण गार करून घातल्यास हा दोष राहत नाही.

दिवाळीच्या सुमारास सीताफळे भरपूर मिळतात, त्यामुळे सीताफळाची बासुंदी करण्याचा मोह होतो. सीताफळाचा गर उकळत्या दुधात कधीही घालू नये. बासुंदी फ्रीजमध्ये गार झाल्यावरच तो मिसळावा. दूध आटवताना बुडाला लागले, तर उलथन्याने खरवडू नये, वरचे दूध हलकेच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावे. गार झाल्यावर बासुंदी दाट होते, म्हणून हवी त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच आच बंद करावी.

ज्यांना दुधाच्या पदार्थाची धास्ती वाटते, त्यांनी सरळ नारळाच्या वड्या कराव्यात, असे माझे मत आहे. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले आणि बोटांत त्याची गोळी वळली की ते लगेच ताटात थापावे. वड्या पडल्या नाहीत तर मिश्रण पुन्हा आचेवर ठेवावे. भुगा झाला तर दोन-तीन चमचे दूध घालून परतावे आणि पुन्हा थापावे. कोमट वड्या डब्यात भरून झाकण लावले की वाफेचे थेंब पडून त्या चिकट होतात.

दुधाचे पदार्थ निघण्याच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्ये ठेवावेत, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून भोवती बर्फाच्या पिशव्या लावाव्यात, आणि पोहोचताच यजमानांच्या फ्रीजमध्ये जागा मागून घ्यावी; फ्रीजबाहेर त्यांचा एकूण वेळ दोन तासांच्या वर जाता कामा नये. पिस्त्याचे काप मात्र वेगळ्या डबीत न्यावेत, कारण आधीच पेरलेले काप जेवणाच्या वेळेपर्यंत मऊ पडलेले असतात.