हात हलायच्या आधी मेंदूत काय होतं ते स्वतः बघायचंय? मग असं करा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर चार दिवस स्क्रीनकडे बघत बसाल आणि हाती काहीच लागणार नाही. बहुतेक जण ईईजी, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी मोजणारं यंत्र, लावतात, मूठ आवळतात आणि ग्राफमध्ये मोठी उसळी कुठे येते ते शोधतात. पण हालचालीची खूण उसळी नसते, लहर बसणं ही खूण असते. हात नुसता पडलेला असतो तेव्हा मेंदूच्या हात सांभाळणाऱ्या भागातल्या पेशी एका तालात चाललेल्या असतात, हात हलवायची वेळ आली की तो ताल मोडतो, पेशींचे वेगवेगळे गट आपापल्या कामाला लागतात आणि डोक्यावरून मोजलेली लहर लहान होते. म्हणून काय वाढलं ते नाही, काय कमी झालं ते बघायचं.

या तालाला म्यू म्हणतात, साधारण ८ ते १३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या लहरी, आणि त्याच्या जोडीला १३ ते ३० हर्ट्झचा बीटा. जर्मन डॉक्टर हान्स बर्गरनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये छापला, त्यांना दिसलेली अल्फा लहर पण म्यूच्याच पट्ट्यात येते, आणि नवीन माणसाचा घोळ इथेच होतो. फरक सोपा आहे. अल्फा डोक्याच्या मागच्या बाजूला जोरात असते, डोळे मिटले की वाढते आणि उघडले की जाते. म्यू दोन्ही कानांना जोडणाऱ्या रेषेवर टाळूच्या आजूबाजूला असतो, तो डोळ्यांना जुमानत नाही, हाताला जुमानतो.

सामान म्हणाल तर सेकंदाला २५० सॅम्पल, म्हणजे नोंदी, घेणारा आणि कमीत कमी तीन चॅनेलचा ईईजी बोर्ड, इलेक्ट्रोड, जेल, शिवणकामाची टेप, बास. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जर काढून ठेवा, याबाबतीत अजिबात तडजोड नको, कारण तारा थेट डोक्याला लागलेल्या असतात. शिवाय चार्जर लावलेला असला की घरातल्या विजेचा ५० किंवा ६० हर्ट्झचा गोंगाट सिग्नलमध्ये घुसतो तो वेगळाच.

आता जागा शोधायची, आणि इथे घाई करू नका. नाकाच्या मुळाशी जो खळगा असतो तिथून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा आणि मध्यावर खूण करा. मग एका कानापुढच्या खळग्यापासून टाळूवरून दुसऱ्या कानापुढच्या खळग्यापर्यंत मोजा, त्याचाही मध्य काढा, दोन्ही मध्य जुळतात ती जागा सीझेड. तिथून कान ते कान अंतराच्या २० टक्के डावीकडे सी३ आणि तेवढंच उजवीकडे सी४. म्हणजे अंतर ३६ सेंटीमीटर आलं तर ७.२ सेंटीमीटरवर. उजव्या हाताचं काम डावा मेंदू बघतो म्हणून उजव्या हातासाठी सी३ महत्त्वाचा. रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकी सगळं मोजायचं तो इलेक्ट्रोड, एका कानाच्या पाळीला आणि बोर्डाचा ग्राउंड दुसऱ्या पाळीला.

केस नीट बाजूला करा, कातडी दिसली पाहिजे, केसांवर जेल थापून काही उपयोग नाही. जेल जास्त झालं तर ते पसरून दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात आणि मग दोन्हीकडे एकच सिग्नल दिसायला लागतो.

लावून झालं की लगेच प्रयोग सुरू करू नका. आधी डोळे मिटा, उघडा, मागे एखादा इलेक्ट्रोड ठेवला असेल तर अल्फा वाढताना दिसली पाहिजे. मग दात आवळा. बघा ग्राफ कसा जाड आणि काळाकुट्ट होतो. मेंदूची लहर दहा-वीस मायक्रोव्होल्टची आणि जबड्याचा स्नायू तिच्या कितीतरी पट, त्यामुळे हे चित्र नीट लक्षात ठेवा. मी स्वतः पहिले दोन आठवडे बीटा वाढतोय म्हणून खूश होतो, नंतर कळलं की मूठ आवळताना मी दातही आवळत होतो. तेव्हापासून ओठ मिटलेले पण दात सुटे, खांदे सैल, नजर एका ठिपक्यावर, असंच बसतो.

प्रयोग असा. उजवा हात टेबलावर आरामात ठेवा आणि तर्जनीने एक बटण पटकन दाबून सोडा, मग साधारण दहा सेकंद काही नाही, परत दाबा. कोणी सांगितलं म्हणून नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा, कारण इशाऱ्यावर दाबलं तर हालचालीच्या आधीची तयारी नीट दिसत नाही. दाबल्याची वेळ कंप्युटर नोंदवेल असं करा. ५० वेळा दाबलं की झालं, नऊएक मिनिटांचं काम.

हिशोबात एक पायरी सगळ्यात जास्त चुकते. सी३ वर ८ ते १३ चा फिल्टर लावा म्हणजे फक्त म्यूचा पट्टा उरेल (बीटासाठी १३ ते ३०), मग प्रत्येक सॅम्पलचा वर्ग करा, यालाच पॉवर म्हणतात, आणि *त्यानंतर* सगळ्या ५० वेळांची सरासरी काढा. आधी सरासरी आणि मग वर्ग असं केलंत तर सगळं गेलं, कारण म्यू दर वेळी वेगळ्या टप्प्यावर असतो, एकात वर तर दुसऱ्यात खाली, आणि सरासरीत लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. तुलनेसाठी दाबण्याआधीचे ५ ते ३.५ सेकंद हा शांत काळ धरा. तिथे पॉवर १० असेल आणि दाबताना ६ झाली तर ४० टक्के घट. ही पद्धत ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या गर्ट फुर्टशेलर यांनी रुळवली.

ग्राफ काढलात की पहिल्यांदा पाहताना खरंच अंगावर काटा येतो. बोट हलायच्या एक-दोन सेकंद आधीच सी३ वर म्यू उतरायला लागतो, सी४ अजून तसाच असतो, आणि बोट हलतं तेव्हा दोन्हीकडे उतरतो. बीटाचं तर आणखी छान, तोही आधी पडतो पण हालचाल संपली की सेकंदाभरात उलट उसळतो, नेहमीपेक्षा वर जातो, जणू मोटर भाग परत जागेवर बसतोय. म्हणजे उसळी आहे, पण हालचालीनंतर.

कोर्नह्युबर आणि डेके या जर्मनीतल्या संशोधकांनी १९६५ मध्ये छापलेला तयारीचा संथ सिग्नलही याच वेळेत येतो, पण त्यासाठी अगदी कमी फ्रिक्वेन्सी जपणारं मशीन लागतं, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

हे जमलं की मग हात न हलवता करा. हात हलताना *दिसतोय* अशी कल्पना नको, बोटाला बटणाचा कडकपणा लागतोय, मनगटात ताण येतोय असं *जाणवायला* हवं, याने म्यू जास्त पडतो. हाताला एक इलेक्ट्रोड लावून ठेवा म्हणजे स्नायू खरंच शांत आहे हे सिद्ध होईल. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तर निराश होऊ नका, बऱ्याच जणांना जमायला वेळ लागतो आणि काहींचा म्यू डोक्यावरून नीट दिसतच नाही, त्यात मेंदूचं काही बिघडलेलं नसतं. आणि ज्यांचे हातपाय हलत नाहीत त्यांच्यासाठी कर्सर किंवा कृत्रिम हात चालवायला हीच घट वापरतात, म्हणून मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते.

उजवा, डावा दोन्ही झाले की पायाची कल्पना करून बघा, पण तेव्हा नजर सीझेडवर ठेवा, पायाचा भाग दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत आत दडलेला असतो.